मानेमागचा आरसा

दाढी-कटिंगच्या धंद्यात एक रीत आहे. केस कापून झाले, मानेवरची रेघ वस्तऱ्याने सरळ झाली, ब्रशने बारीक केस झाडून झाले, की कारागिराने हातआरसा घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा. समोर मोठा आरसा, मागे लहान. दोन्हींच्या मधे बसलेल्या माणसाला आपलं पाठमोरं डोकं दिसतं, जे एरवी जन्मभर त्याला दिसत नाही. आणि आरसा एकदा धरला की गिऱ्हाईक 'झालं' म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, मग खांद्याला रग लागली तरी बेहत्तर. या गोष्टीतल्या कारागिराच्या बापाने त्याच्या हातात वस्तरा द्यायच्या आधी सहा महिने त्याला नुसता आरसा धरायला लावला होता.

ही रीत कारागिराने चाळीस वर्षं पाळली आणि दोन वर्षांपूर्वी मोडली. मोडली तेव्हा त्याला वाटलं, आपण सुधारणाच करतोय.

झालं असं, की त्याच्या लेकीने नवा फोन घेतला आणि जुना बापाला दिला. लेक फोटो छापायच्या दुकानात कामाला होती. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती, पण फोटो चांगले यायचे. सुरुवातीला कारागिराने दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, मग खुर्चीचा, मग स्वतःच्या अंगठ्याचा, तो चुकून. आणि मग एका सकाळी अकराच्या सुमाराला एक म्हातारं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं असताना दारातून ऊन आत आलं आणि म्हाताऱ्याचे दोन्ही कान आतून दिवा लावल्यासारखे लाल झाले. मधे पिकलेलं डोकं, खाली गळ्याभोवतीचं पांढरं कापड. कारागिराचा कात्री धरलेला हात थांबला. त्याने हळूच फोन काढला.

"काय रे, झोपलास का मागे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हलू नका. तुमच्या कानांना सूर्य आलाय."

त्या दिवसापासून त्याला नाद लागला. तो खुर्ची दाराकडे फिरवायचा, अकराच्या उन्हाची वाट बघायचा, डोक्यावरचे भोवरे बघायचा, मानेवरच्या वळ्या बघायचा. चेहऱ्याचा फोटो त्याने कधी काढला नाही. चेहरा फोटोसाठी तयार होतो, असं त्याचं म्हणणं. ओठ दाबतो, भुवया चढवतो, खोटं हसतो. डोक्याची मागची बाजू कधी तयार होत नाही. माणूस मागून असतो तसा असतो.

गिऱ्हाइकांनाही गंमत वाटायला लागली. आरशात मान वाकडी करून बघण्यापेक्षा फोन हातात घेऊन बघणं सोपं. बोटांनी मोठं करून बघता येई, घरी पाठवता येई. हळूहळू हातआरसा खिळ्यावरून उतरला आणि खालच्या खणात, जुन्या कंगव्यांखाली, पालथा पडला.

एक गोष्ट मात्र कारागिराच्या हाडात होती. गिऱ्हाइकाच्या मानेवर कापलेला एक केस राहिलेला त्याला खपायचा नाही. फोटोतही एखादा केस, पावडरीचा ठिपका, वस्तऱ्याची बारीक चीर दिसली की त्याचं बोट शिवशिवायचं. लेकीने त्याला फोनमधली एक सोय दाखवली होती: नको असलेल्या डागावर बोट फिरवलं की तो जातो, आणि आजूबाजूची कातडी तिथे आपसूक येते. कारागीर खूश झाला. आधी ब्रशने मान झाडायची, मग फोटो काढायचा, मग बोटाने फोटो झाडायचा, मग दाखवायचा. चार कामं एका ओळीत. तिसरं काम खोटेपणाचं आहे असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो साफसफाई करत होता.

त्याच्या सगळ्या मानांमध्ये लाडकी मान होती टपालवाल्याची. टपालवाला म्हणजे निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेला, कारागिराचा जुना दोस्त, महिन्याच्या पहिल्या सोमवारी न चुकता येणारा. उन्हाने त्याची मान तांब्यासारखी झाली होती आणि तिच्यावर उभ्याआडव्या सुरकुत्या होत्या, जुन्या पाकिटाला घड्या पडतात तशा. कारागिराने दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उन्हात, तिचा एक फोटो काढला. वर्षाचे बारा झाले.

हे फोटो लेकीच्या दुकानात एका चित्रकलेच्या बाईंनी पाहिले. बाई वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायच्या. त्या स्वतः सलूनमध्ये आल्या, तिथल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "फोनवर फोटो सगळेच काढतात हो. तुम्ही बघता." कारागीर आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला उभं ठेवून दोन मिनिटं नुसता बसून राहिला. बाईंनी बावन्न फोटो निवडले. हॉलच्या मधल्या भिंतीवर टपालवाल्याची बारा महिन्यांची रांग लागणार होती. उद्घाटन रविवारी ठरलं.

टपालवाल्याने परवानगी दिली ती अशी: "माझं तोंड काय एवढं वाईट आहे, की लोकांना माझी मागची बाजू दाखवतोस?"

"तोंड रोज बघतातच की लोक. दया येते मला त्यांची."

"आणि माझ्या बायकोने ओळखलं नाही म्हणजे?"

"ती तुला मागूनच ओळखते. कामाचं नाव काढलं की तू तिला पाठमोराच दिसतोस."

रविवारला चार दिवस होते तेव्हा, म्हणजे बुधवारी सकाळी, टपालवाल्याची बायको सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. बायका त्या दुकानात सहसा येत नसत. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर होतं. कारागिराने वस्तरा खाली ठेवला.

"काय वहिनी? तो बरा आहे ना?"

"बरे आहेत. रुसलेत." ती बाकावर टेकली. तिच्या पिशवीत शर्ट होता. तिने कॉलर उलटी करून दाखवली. तिच्यावर तपकिरी डाग होता, नखाएवढा. "तीन शर्टांना लागलाय. मी म्हटलं, वळा बघू तिकडे. तर मानेवर, केसांच्या कडेला, काळं काही तरी. मधे ओलं. काल ओढत नेलं डॉक्टरांकडे. डॉक्टर पहिलंच काय विचारतात, तर हे कधीपासून आहे? वाढतंय का? आता ह्यांना कुठं ठाऊक! स्वतःची मान कोण बघतो? मी म्हटलं, चष्म्याशिवाय मला धड दिसत नाही, पण भावजींकडे फोटो आहेत. दर महिन्याचे."

कारागिराचा हात खिशातल्या फोनवर गेला आणि तिथेच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, फोटो असतील तर सोनंच. आज बाराला घेऊन या. जुनं असेल आणि वाढत असेल तर लगेच कापून तपासायला पाठवायचं, एक दिवस थांबायचं नाही. नवं असेल तर गळू असेल, मलम लावून दोन महिने बघू. हे म्हणतात गळूच आहे. दाखवा बरं."

त्याने फोन काढला. तिने चष्मा चढवला. तडकलेल्या काचेखाली टपालवाल्याची मान आली. मागच्या महिन्याची. त्याच्या आधीची. त्याच्याही आधीची. वहिनी बोटाने मोठं करून करून बघत होती. उन्हात तांब्यासारखी कातडी, पाकिटाच्या घड्या, आणि बाकी काही नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "काहीच नाही की हो! मागच्या महिन्यात पण नाही!" तिचे डोळे भरले. "म्हणजे नवंच आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. भावजी, तुम्ही होता म्हणून. मी बायको असून बघितलं नाही ते तुम्ही वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघितलंत. सगळे पाठवा मला. बाराच्या बारा."

खुर्चीतलं गिऱ्हाईक खाकरलं. त्याच्या गालावरचा फेस वाळायला लागला होता.

त्या एका क्षणात बोलायला हवं होतं. कारागिराला पुढे ते कुणी सांगावं लागलं नाही. पण वहिनी हसत होती, पदराने चष्मा पुसत होती, आणि त्याचं बोट आपल्या सवयीने चाललं. त्याने बारा फोटो निवडले आणि पाठवले. तिच्या पिशवीतला फोन टुंग करून वाजला.

"येते," ती म्हणाली. "आता त्यांचा रुसवा काढते."

ती गेली. कारागिराने वस्तरा उचलला आणि त्या माणसाच्या हनुवटीवर कापलं.

"अहो!"

"माफ करा." त्याने तुरटी फिरवली. तुरटी बघूनच त्याला सगळं आठवायला लागलं, जे तो विसरला नव्हताच.

बोटांना ठाऊक होतं. वर्षापूर्वी टपालवाल्याच्या मानेवर, उजव्या बाजूला, बोटाखाली काही तरी मोहरीएवढं लागलं होतं. तीळ, असं म्हणून तो वस्तरा वळवून न्यायला लागला. पुढे ते मसुराएवढं झालं. एकदा वस्तऱ्याची धार लागली, रक्त आलं, तुरटी लावली, थांबलं. फोटोत ते काळं टिंब त्या सुंदर घड्यांच्या मधोमध यायचं, शाई सांडल्यासारखं. त्याने दर महिन्याला बोट फिरवलं.

पण सगळ्यात वाईट आठवण चार महिन्यांपूर्वीची होती. टपालवाला खुर्चीत बसता बसता म्हणाला होता, "मागे काही तरी खाजतंय रे. बघ जरा." त्या दिवशी ऊन फार छान आलं होतं. कारागिराने केस कापले, फोटो काढला, त्या टिंबावर आणि त्याच्या कडेच्या वाळलेल्या रक्तावर नेहमीसारखं बोट फिरवलं, आणि फोन दोस्ताच्या हातात दिला. "हे बघ. चकचकीत आहे. घामोळं असेल."

टपालवाल्याने बघितलं होतं. बोटांनी मोठं करून, नीट, बराच वेळ. "हो की," असं म्हणाला होता. आणि गेला होता.

साडेअकराला कारागिराने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. बाकावर बसलेल्या दोघांना म्हणाला, "उद्या या." अशा वेळी ते शटर कधी खाली आलेलं कुणी बघितलं नव्हतं. एकाने विचारलंसुद्धा, "कुणी गेलं का?" तो तोवर रस्त्याला लागला होता.

तो लेकीच्या दुकानात गेला. आत यंत्र गुरगुरत होतं आणि लेक प्रदर्शनाचे फोटो छापत होती. लांब टेबलावर टपालवाल्याच्या बारा माना ओळीने मांडलेल्या होत्या, एकेक दोन हात रुंदीची.

"बाबा! बरं झालं आलात. बघा, काय दिसतायत!"

त्याने बघितलं. फोनच्या काचेवर जे कधी दिसलं नव्हतं ते इतक्या मोठ्या कागदावर दिसत होतं. उजव्या बाजूला, कानाच्या खाली चार बोटांवर, एक सुरकुती दोनदा होती. शेजारीशेजारी, जुळ्या बहिणींसारखी, तेच वळण, तीच टोकं. फोनने शेजारची कातडी उचलून तिथे डकवली होती. पुढच्या फोटोत तसंच. त्याच्या पुढच्यात जास्त.

"हे काय आहे?" लेकीने त्याचं बोट जिथे होतं तिथे बघितलं.

त्याने सांगितलं. खालमानेने, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. वहिनीला फोटो पाठवले तेही.

लेक यंत्र बंद करून त्याच्यासमोर उभी राहिली. "सकाळी? आज सकाळी पाठवलेत?"

"हो."

"आणि बोलला नाहीत?"

"नाही."

ती त्याला काही लागेल असं बोलणार होती, ते त्याला तिच्या तोंडावर दिसलं. पण तिने हात पुढे केला. "फोन द्या." तिने एक फोटो उघडला, कुठे तरी खाली दाबलं, आणि तिथे लिहून आलं: मूळ फोटो परत आणा. "फोन पहिला फोटो फेकून देत नाही, बाबा. आत ठेवतो. तुम्ही पुसलेलं सगळं आहे इथं."

ते तिने बाराही वेळा दाबलं. आणि मग एका पाठोपाठ एक सरकवून दाखवलं. मोहरी. मोहरी. मोठी मोहरी. मसूर. मसुराला एक शेपूट फुटलं. मग मधे करडं, कडेने काळं. मग ती वाळलेल्या रक्ताची कड. मग जवळजवळ शर्टाच्या बटणाएवढं. त्याने ते कधी असं ओळीने बघितलंच नव्हतं. एकेका महिन्याला एकेक टिंब पुसणाऱ्या माणसाला ते वाढताना कुठून दिसणार?

घड्याळात पाऊण वाजला होता. बाराची वेळ उलटून गेली होती.

टपालवाल्याचं घर दोन मजले चढून होतं. दार उघडंच होतं. टपालवाला खिडकीशी बसला होता, हातात मलमाची नळी, तोंडावर जिंकल्याचा आनंद.

"या कलावंत! अगं, ऐकलंस का, चहा टाक. माझा वकील आलाय." तो हसला. "डॉक्टरने फोटो बघितले आणि काय म्हणाला, तर उगाच चिरफाड नको. दोन महिने मलम. मी म्हटलं नव्हतं? गळू! पण हिला पुरावा हवा."

वहिनी आतून हात पुसत आली. तिने कारागिराचा चेहरा बघितला आणि तिचे हात पुसायचे थांबले.

"ते फोटो खरे नाहीत," कारागीर म्हणाला.

"म्हणजे? दुसऱ्याची मान पाठवलीस?" टपालवाला अजून हसत होता. "बघ हं, मी माझी समजून मलम लावतोय."

"मान तुझीच. मी त्यावरचं पुसलंय. दर वेळी. फोटो चांगला दिसावा म्हणून." त्याने फोन खाटेवर ठेवला, दोघांच्या मधे. "हे मूळचे."

टपालवाल्याने हात लावला नाही. वहिनीने उचलला. ती एकेक बघत गेली. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला. बाराव्या फोटोवर ती बराच वेळ थांबली, मग परत पहिल्यावर आली.

"चार महिन्यांपूर्वी मी तुला विचारलं होतं," टपालवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. पत्त्यातला घरनंबर पडताळून बघावा तसा तो बोलत होता. "खाजतंय म्हणून. तू फोन दिलास. मी बघितलं."

"हो."

"तेव्हा होतं?"

"होतं."

वहिनी बोलली ती नवऱ्याकडे न बघता. "पुसलंत ते पुसलंत, भावजी. तुमच्या हातून नकळत झालं असेल, मी समजून घेईन कधी तरी. पण आज सकाळी मी तुमच्यासमोर बसले होते. मी रडले. तेव्हा का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"मी डॉक्टरांपुढे बसून हसत होते," ती म्हणाली. "पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते."

तिने खुंटीवरची पिशवी घेतली, मलमाची नळी तिच्यात टाकली, नवऱ्यापुढे चपला सरकवल्या. "उठा. डॉक्टर दोनपर्यंत असतात."

"मी येतो," कारागीर म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

"तुम्ही नका येऊ. फोन राहू द्या माझ्याकडे. उघडायचा कसा?"

त्याने चार आकडे सांगितले. ते त्याच्या लेकीच्या जन्माचं साल होतं. मग तो जिना उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याचा हात तीन वेळा खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर तिरपं पडलं होतं, जिन्याच्या कठड्याची सावली तिच्यावर शिडीसारखी चढली होती. एरवी त्याने फोटो घेतला असता. आज त्याने नजर खाली घातली आणि चालत राहिला.

शुक्रवारी लेकीला वहिनीचा निरोप आला. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणाले, बघूनच चांगलं वाटत नाही. येत्या गुरुवारी सगळं कापून काढायचं, किती खोल गेलंय ते तेव्हा कळेल. कारागिराविषयी निरोपात एक शब्द नव्हता.

"मधली रांग काढ," त्याने लेकीला सांगितलं.

चित्रकलेच्या बाई कळवळल्या. "अहो, मधली भिंत आहे ती! सगळं प्रदर्शन त्यावर उभं आहे. आणि तुमची लेक म्हणते मूळचे फोटो मिळालेत. मग ते लावू या. बारा महिन्यांची रांग, आणि त्यात ते वाढत जाणारं... लोक हेलावतील."

बाई वाईट नव्हत्या. आणि कारागिराला क्षणभर ते दिसलंसुद्धा: भिंत, रांग, थबकलेली माणसं. हे दिसलं याचीच त्याला भीती वाटली.

"ते त्याचं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे चुकून राहिलं होतं."

रविवारी हॉल भरला. मधल्या भिंतीवर बारा खिळे होते आणि खाली पट्टी. तिच्यावरचं नाव लेकीने काढून टाकलं होतं. एक तरुण जोडपं त्या खिळ्यांसमोर मान तिरकी करून उभं होतं. "हे नवीन पद्धतीचं असेल," मुलगा म्हणाला. मुलीने मान डोलावली. लोक कारागिराचे हात हातात घेत होते. कुणी म्हणालं, कान कसे पेटलेत. कुणी म्हणालं, मला माझे वडील आठवले. तो हो हो म्हणत होता आणि प्रत्येक फोटोशी थांबून एकच गोष्ट शोधत होता: कुठे सुरकुती दोनदा आली आहे का. सात ठिकाणी सापडली. त्यातले चार केस होते, एक चीर होती, हे त्याला आठवलं. दोन काय होते ते आठवेना. ती दोन्ही गिऱ्हाइकं हॉलमध्येच होती, आपापल्या फोटोखाली उभी राहून घरच्यांना हसवत होती. त्याने एकेकाला बाजूला घेतलं.

"उद्या दुकानात या."

"कटिंग तर परवाच झालीय."

"या तरी. मागे बघायचंय."

मंगळवारी सकाळी अकराच्या आधी टपालवाला सलूनमध्ये आला. महिन्याचा पहिला सोमवार नव्हता, पण दवाखान्याने सांगितलं होतं, मानेवरचे केस बारीक करून या. वहिनी दाराबाहेर पायरीवर उभी राहिली. कारागिराने बाक पुसून दिला. ती आत आली नाही. तिने पाकिटात घालून आणलेला कारागिराचा फोन बाकाच्या कडेला ठेवला आणि परत पायरीवर गेली.

कारागिराने मोठ्या आरशात दोस्ताकडे बघितलं. "मीच करू? नाही तर पलीकडच्या गल्लीत चांगला माणूस आहे."

"पलीकडे रांग असते," टपालवाला म्हणाला आणि खुर्चीत बसला.

पांढरं कापड लावलं. मशीन सुरू केलं. वस्तरा त्या जागेपासून दोन बोटं लांब थांबला, वळला, पलीकडून आला. तिथे आता पट्टी होती, तुकडा काढलेल्या जागेवर. टपालवाल्याने हात मागे नेऊन ती एका कडेने सोडवली.

"अरे, राहू दे."

"डॉक्टरने वारा लागू द्यायला सांगितलंय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "सगळ्यांनी बघितलं रे. तू बघितलंस, बायकोने बघितलं, डॉक्टरने बघितलं, तुझ्या लेकीने बघितलं. मीच नाही बघितलेलं. फोनवरचं बघितलं, पण ते बघवेना. ते दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं."

ऊन दारात आलं. टपालवाल्याचे कान पेटायला लागले. कारागिराने पाकिटाकडे बघितलं नाही. तो वाकला, खालचा खण ओढला, जुने कंगवे बाजूला केले आणि पालथा पडलेला हातआरसा काढला. त्याच्यावर दोन वर्षांची धूळ होती. त्याने तो कापडाने पुसला, तोंडाची वाफ टाकून परत पुसला, आणि मानेमागे धरला.

टपालवाल्याने समोर बघितलं. मान थोडी डावीकडे केली. कारागिराने आरसा तेवढाच फिरवला. मान उजवीकडे. आरसाही.

"हा होय," टपालवाला म्हणाला.

त्याचा चेहरा मोठ्या आरशात होता आणि कारागिराला तोही बघावा लागत होता. चेहऱ्याने कसलीच तयारी केलेली नव्हती. पायरीवरून वहिनी आत बघत होती.

"वर्षभर तुला ठाऊक होता. मला नाही."

"हो."

टपालवाल्याने खुर्चीचे हात धरले. तो बघत राहिला. कारागिराचा खांदा भरून आला, मग दंड, मग मनगट थरथरायला लागलं. त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि आरसा स्थिर केला. दारातलं ऊन कानांवरून सरकून खुर्चीच्या पाठीवर गेलं, तिथून जमिनीवर उतरलं. दोन गिऱ्हाइकं येऊन बाकावर बसली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

'झालं' म्हणायचं ते टपालवाल्याने. तो अजून म्हणाला नव्हता. कारागीर आरसा धरून उभा होता.